मुलगी टांझानियाच्या मिशन शाळेत शिकवायला जाणार आहे. तिचं रोजचं जगणं कसं असेल?

नाशिकच्या एका वडिलांनी विचारलं आहे. त्यांची मुलगी व्रतस्थ सिस्टर आहे, गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते. तिच्या संस्थेने तिला टांझानियात, मुसोमा धर्मप्रांतातल्या मुलींच्या निवासी माध्यमिक शाळेत पाठवायचं ठरवलं आहे. वडिलांचे प्रश्न असे: तिचा दिवस कसा जाईल, खाण्यापिण्याचं आणि तब्येतीचं काय, ती एकटी पडेल का, आणि तिला नक्की शिकवायला पाठवतायत की धर्मप्रचाराला?

मी मूळची वसईची. मुसोमा ज्यात येतं त्याच मारा प्रांतात, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडच्या भागात, मी अनेक वर्षं शिकवलं. आता नव्याने जाणाऱ्या सिस्टर्सची आणि शिक्षकांची तयारी करून घेते. तुमच्या मुलीच्या वयाच्या कितीतरी जणी माझ्यासमोरून गेल्या आहेत, म्हणून जरा लांबलं तरी सगळं सांगते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण आपल्याकडे मिशनरी म्हटलं की तोच आधी मनात येतो. ती शिकवायला जाते आहे. मुसोमा भागात मेरीनॉल या अमेरिकी कॅथलिक मिशनरी संस्थेचे धर्मगुरू १९४६ मध्ये आले, पण आज तिथले बिशप टांझानियाचेच आहेत, आणि बहुतेक फादर आणि सिस्टर्सही. याच देशातल्या लॉरियन रुगाम्ब्वा यांना १९६० मध्ये कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, केलं गेलं. आधुनिक काळातले ते पहिले आफ्रिकी कार्डिनल. अशा चर्चला श्रद्धा शिकवायला वसईहून किंवा नाशिकहून कुणी जाण्याची गरज नाही. गरज आहे गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्यांची. तिच्या वर्गात कॅथलिक मुली असतील, लुथरन असतील, आफ्रिका इनलँड चर्चच्या असतील, त्या भागात बऱ्याच संख्येने असलेल्या सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट असतील आणि मुस्लिमही असतील. वेळापत्रकात धर्मशिक्षणाचा तास असतो, त्या वेळी मुली आपापल्या धर्माप्रमाणे वेगळ्या बसतात. ॲडव्हेंटिस्ट मुलींसाठी शनिवार हा शब्बाथ, त्यामुळे शनिवारी जादा तास ठेवायचा म्हटला की त्यांचा विचार आधी करावा लागतो. भौतिकशास्त्राच्या तासाला भौतिकशास्त्रच शिकवायचं. तिथे श्रद्धा दिसते ती वही वेळेवर तपासून परत देण्यात, आणि वर्गातल्या सगळ्यात मागच्या मुलीला तिसऱ्यांदा समजावून सांगताना आवाज न चढण्यात. हे मी अगदी मनापासून मानते.

आता दिवस. विषुववृत्त अगदी जवळ असल्यामुळे उजाडण्याची आणि मावळण्याची वेळ वर्षभर जवळपास सारखीच राहते. सिस्टर्स पाचच्या आसपास उठतात. सकाळची प्रार्थना आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, उजाडायच्या सुमारास होते. तोवर मुलींचं झाडलोटीचं काम सुरू झालेलं असतं: वर्ग, आवार, संडास, सगळं त्या स्वतः झाडतात. परिपाठाला राष्ट्रगीत, हजेरी, सूचना. मग चाळीस मिनिटांचे तास. मधल्या सुट्टीत ऊजी, म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज. दुपारी जेवण. त्यानंतर मैदान, कपडे धुणं, शाळेच्या शेतातलं काम. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मुली पुन्हा वर्गात अभ्यासाला बसतात आणि एक शिक्षिका त्यांच्यासोबत असते. निवासी शाळेत त्यानंतरही काम सरत नाही. कुणाला ताप येतो, कुणाच्या घरून वाईट निरोप येतो, कुणाची चादर चोरीला जाते. झोपायला दहा-साडेदहा होतात, आणि वीज गेली असेल तर वह्या सौर दिव्यावर तपासायच्या.

घड्याळाचं एक सांगून ठेवा. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे तिथला पहिला तास, आपले आठ म्हणजे दुसरा. कुणी 'दुसऱ्या तासाला बैठक' म्हटलं तर सकाळी आठला जायचं. पहिले काही आठवडे प्रत्येक वेळ मनातल्या मनात सहा तासांनी फिरवून पाहावी लागते.

शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. माध्यमिक शाळा म्हणजे फॉर्म एक ते चार. फॉर्म दोनच्या शेवटी राष्ट्रीय चाचणी आणि फॉर्म चारच्या शेवटी, नोव्हेंबरच्या सुमारास, मोठी परीक्षा. आपल्याकडे दहावीचं जे दडपण असतं तेच तिथे फॉर्म चारचं, आणि त्यात सगळ्यात जास्त मुलं अडखळतात ती गणितात. तुमच्या मुलीवर पहिल्या दिवसापासून अपेक्षा असतील.

तिचं खरं आव्हान गणित नसेल, माध्यम असेल. सरकारी प्राथमिक शाळेत सात वर्षं सगळं स्वाहिलीत शिकवतात. फॉर्म एकला पाऊल टाकलं की सगळे विषय एकदम इंग्रजीत. काल घर्षण म्हणजे काय हे सांगू शकणारी मुलगी आज गप्प बसते. मारा प्रांतातल्या कितीतरी मुलींना तर स्वाहिलीही दुसरी भाषा असते. घरी कुरिया, जिता, लुओ किंवा झनाकी बोलतात. मी स्वतः मराठी माध्यमात दहावीपर्यंत शिकले आणि अकरावी विज्ञानाला एकदम इंग्रजीत गेले. तुमची मुलगी मराठी माध्यमातली असेल तर तिला त्या गप्प बसण्याचा अर्थ लगेच कळेल, आणि हे तिचं बळ आहे. मी नव्या शिक्षिकांना सांगते: प्रश्नावरची चर्चा मुलींना स्वाहिलीत करू द्या, लिहायला मात्र इंग्रजीत लावा. वहीचं पान मधोमध दुमडून एका बाजूला इंग्रजी संज्ञा, दुसऱ्या बाजूला त्यांच्या शब्दांत अर्थ. काही शाळांत इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही असा नियम असतो, बोललं तर शिक्षा. तो नियम नव्याने आलेल्या सिस्टरने मोडू नये, पण आपल्या तासाला कसं शिकवायचं हे बरंचसं आपल्या हातात असतं.

यासाठी तिला स्वतःला स्वाहिली यायलाच हवी. मुसोमाजवळ मकोको इथे सरोवराच्या काठावर मेरीनॉलने सुरू केलेली जुनी भाषाशाळा आहे. पूर्व आफ्रिकेत काम करायला आलेल्या कितीतरी मिशनऱ्यांनी तिथे स्वाहिली शिकली. संस्थेने तिला आधी भाषाशाळेत पाठवलं तर तुम्ही निश्चिंत राहा. 'शाळेत इंग्रजीच लागते, जाता जाता शिकेल' असं कुणी म्हणत असेल तर तुम्ही आणि तिने मिळून नम्रपणे आग्रह धरा. स्वाहिली न येणारी शिक्षिका शिकवू शकते, पण वसतिगृहात रात्री रडणाऱ्या मुलीशी बोलू शकत नाही. स्टाफरूममध्येही ती बाहेरचीच राहते. नमस्काराला तिथे फार महत्त्व आहे. वडीलधाऱ्यांना 'शिकामू' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. घरात शिरताना दाराशी 'होदी' म्हणून थांबायचं, आतून 'कारिबू' ऐकू आलं की मग पाऊल टाकायचं. कामाचं बोलणं त्यानंतर. आपल्या शहरातल्या घाईची सवय असलेल्या मुलींना हे वेळकाढू वाटतं. मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरून थेट वेळापत्रकाचा विषय काढणारी शिक्षिका कितीही हुशार असली तरी उद्धट ठरते.

आता एकटेपण, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

मी पाहिलेल्या ज्या सिस्टर्स तिथे रमल्या नाहीत, त्यांतल्या फारच थोड्या मलेरियाने किंवा उगालीने, म्हणजे तिथल्या रोजच्या मक्याच्या जेवणाने, कंटाळून परतल्या. बहुतेकींचं असं झालं की कॉन्व्हेंटच्या, म्हणजे सिस्टर्सच्या राहत्या घराच्या, कुंपणाच्या आत एक छोटा भारत तयार झाला. दोन-तीन भारतीय सिस्टर्स, आपसात हिंदी किंवा मल्याळम, संध्याकाळी डाळभात, रात्री मोबाइलवर घरच्यांशी बोलणं. शाळेत जाऊन शिकवून परत यायचं. वर्ष-दोन वर्षं हे सुखाचं वाटतं. मग हळूहळू बाहेरचं सगळं त्रासाचं वाटायला लागतं: लोक उशिरा येतात, मुली खोटं बोलतात, पालक फी देत नाहीत. तक्रार करणारी सिस्टर वाईट नसते. फक्त तिला तिथे एकही मैत्रीण नसते.

यावर तिथेच उपाय आहे, आणि तो चर्चने स्वतःच घडवलेला आहे. पूर्व आफ्रिकेत १९७० च्या दशकापासून बिशपांनी छोट्या ख्रिस्ती समूहांवर भर दिला. जुमुइया म्हणतात त्यांना. एका वाडीतली काही घरं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात जमतात, शुभवर्तमानाचा उतारा वाचतात, त्यावर साधं बोलतात आणि मग कामाचं ठरवतात: कोण आजारी आहे, कुणाच्या घरी मयत झाली, कुणाला किती मदत द्यायची. तिथे सिस्टर बाकावर शेजारणींसोबत बसते, ती प्रमुख नसते. कुणाचा मृत्यू झाला तर त्या घरी जाऊन जमिनीवर अंथरलेल्या चटईवर बायकांसोबत बसून राहायचं. काही बोलता आलं नाही तरी चालतं, 'पोले', म्हणजे 'वाईट झालं', एवढं पुरतं. तुमच्या मुलीने दर आठवड्याला जुमुइयात जायचं ठरवलं तर सहा महिन्यांत बाजारात तिला नावाने हाक मारणारे लोक तयार होतील. तोपर्यंत ती 'म्हिंदी', म्हणजे भारतीय. आणि तिथे भारतीय म्हणजे दुकानदार, अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. पायी चालत येऊन जमिनीवर बसणारी भारतीय बाई त्यांना नवी असते.

म्हणून तुम्हाला वडील म्हणून एक विनंती. पहिले सहा महिने रोज फोन करू नका. आठवड्यातून एकदा पुरे. तिची काळजी वाटणार, तिच्या आईला तर जास्तच. पण रोज रात्री नाशिकच्या घरात मनाने परतणारी मुलगी मुसोमात पोहोचतच नाही. मी हे बऱ्याच आईवडिलांना सांगितलं आहे, काहींना राग आला, तरी सांगते.

खाण्याची चिंता करू नका. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, माहारागे म्हणजे घेवडा, म्चिचा म्हणजे आपला माठच, शाळेत बहुतेक दिवस मका-घेवड्याचं एकत्र शिजवलेलं मकांदे, सणासुदीला भात किंवा पिलाऊ. चपाती सगळीकडे मिळते. सरोवरातली डागा ही वाळवलेली बारीक मासळी तिथे गरिबांचं रोजचं कालवण आहे. मला ती घरच्या सुकटीसारखी लागली आणि पहिल्या वर्षी तिनेच मला तारलं. मुलगी शाकाहारी असली तरी अडणार नाही.

तब्येतीचं मात्र गांभीर्याने घ्या. सरोवराच्या भागात मलेरिया बारमाही आहे, आणि तो बहुतेक फाल्सिपेरम प्रकारचा, म्हणजे दुर्लक्ष केलं तर जीव घेणारा. रोज मच्छरदाणीत झोपायचं. अंगात कणकण आली की त्याच दिवशी रक्त तपासायचं, 'उद्या पाहू' नाही. औषध सहज मिळतं, लोक त्याला म्सेटो म्हणतात, आणि गोळ्यांचा कोर्स पूर्ण करायचा. दुसरं म्हणजे सरोवराच्या उथळ, गवताळ काठाला पाण्यात उतरायचं नाही. तिथल्या गोगलगाईंमधून बिलहार्झिया या रोगाचे जंतू पाण्यात येतात आणि त्वचेतून शरीरात शिरतात. पाणी फार सुंदर दिसतं, म्हणून मुद्दाम सांगते.

पैशाचं थोडक्यात. व्रतस्थ सिस्टरचा पगार किंवा मानधन तिच्या सिस्टर्सच्या समूहाच्या खात्यात जातं, तिच्या हातात किरकोळ खर्चापुरते शिलिंग असतात. घरी पैसे पाठवता येणार नाहीत हे तुम्हाला माहीत असेलच. कामाचा आणि राहण्याचा असे दोन वेगळे परवाने लागतात, मिशनऱ्यांचा राहण्याचा परवाना सी वर्गातला. त्याची कागदपत्रं संस्था करते, पण बी.एड. आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं तिच्याजवळ हवीत.

आता ज्या गोष्टी तिला रात्री झोपू देणार नाहीत त्या.

पहिली, छडी. टांझानियात शाळेत शारीरिक शिक्षा कायद्याने पूर्ण बंद नाही. नियमांनी चार फटक्यांची मर्यादा घातली आहे आणि तो अधिकार मुख्याध्यापकांचा, किंवा ते ज्याला देतील त्या शिक्षकाचा. प्रत्यक्षात छडी त्याहून सहज उचलली जाते. आपल्या मुलीने ती हातात घेऊ नये, हे मी ठामपणे सांगते. पण स्टाफरूममध्ये इतरांना व्याख्यान देऊ नये. आपल्या वर्गात छडीशिवाय शिस्त राहते आणि निकालही लागतो, हे दोन वर्षं दिसलं की तरुण शिक्षक स्वतः येऊन विचारतात.

दुसरी, गरोदर राहिलेल्या मुली. पूर्वी अशा मुलीला शाळेतून काढून टाकायचे आणि शिक्षण तिथेच संपायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने धोरण बदललं, बाळंतपणानंतर तिला परत शाळेत येता येतं. कागदावर येता येतं. बाळ कुणी सांभाळायचं, गावातली नजर कशी झेलायची, हे उरतंच. अशा मुलीला पत्ता शोधून, घरी जाऊन परत आणणं हे शिक्षिकेचं काम आहे असं मी मानते.

तिसरी मारा प्रांताचीच आहे. तारिमे भागातल्या कुरिया समाजात मुलींची सुंता करण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. १९९८ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलीवर ती करणं गुन्हा ठरलं. पण ही प्रथा उरकली जाते ती डिसेंबरच्या लांब सुट्टीत. त्यामुळे इतर ठिकाणी मुली सुट्टीची वाट पाहतात आणि इथे काही मुली नोव्हेंबरपासून गप्प होत जातात. एखादी येऊन विचारते, 'सिस्टर, सुट्टीत इथेच राहू का?' त्या प्रश्नाचा अर्थ ओळखता यायला हवा. चर्चने आणि स्थानिक संस्थांनी चालवलेली आश्रयघरं आहेत, पोलिसांचा महिला-बाल कक्ष आहे, समाजकल्याण अधिकारी आहेत. परदेशी सिस्टरने एकटीने आईबापांशी भांडायला जायचं नाही. स्थानिक सिस्टर, मुख्याध्यापिका आणि अधिकारी यांना सोबत घ्यायचं. कारण आपण काही वर्षांनी निघून जाऊ, आणि त्या मुलीला त्याच गावात, त्याच आईसोबत जगायचं आहे. पुष्कळ आया मनातून विरोधातच असतात, त्यांना बोलायला जागा द्यावी लागते.

तुम्ही नाशिकचे आहात, म्हणून एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शरणपूर रोडवरून तुमचं येणंजाणं असेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शरणपूर मिशनमध्ये चर्च मिशनरी सोसायटीने आफ्रिकी मुलामुलींसाठी आश्रम चालवला. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं इंग्रज आरमाराने पकडली की सोडवलेली मुलं मुंबईला उतरवत, आणि त्यांतली बरीच शरणपूरला जात. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहायला-वाचायला शिकली. पुढे त्यांच्यातले काही पूर्व आफ्रिकेत परतले, आणि शिक्षक, धर्मसेवक म्हणून परतले. विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबाईला गेले. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकनची, म्हणजे धर्मगुरूपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्यांच्या मृतदेहासोबत थेट लंडनपर्यंत गेलेला जेकब वेनराइटही नाशिकचाच विद्यार्थी. मोंबासाजवळ १८७५ मध्ये मुक्त गुलामांची फ्रिअरटाउन ही वसाहत उभी राहिली, तिचं नावही मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. म्हणजे नाशिकहून पूर्व आफ्रिकेत शिकवायला जाणारी तुमची मुलगी पहिली नाही. त्या लोकांना ते परदेश होतं की मायदेश, हे ठरवणंही कठीण; लहानपणी तोडून नेलेली माणसं परतली तेव्हा किनाऱ्यावरच्या लोकांना ती 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणूनच माहीत होती. तुमच्या मुलीने निघण्याआधी शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत एकदा जाऊन यावं.

आणि मुसोमाला पोहोचल्यावर पहिल्या सुट्टीत बुतियामाला जावं. टांझानियाचे पहिले राष्ट्रपती ज्युलियस न्येरेरे यांचं ते जन्मगाव, तिथेच त्यांची समाधी आहे. ते मिशन शाळांमध्ये शिकवत होते, राष्ट्रपती झाल्यावरही देश त्यांना म्वालिमू, म्हणजे गुरुजी, एवढंच म्हणत राहिला. याच श्रद्धाळू कॅथलिक माणसाच्या सरकारने समाजवादाचं धोरण जाहीर करणाऱ्या १९६७ च्या अरुशा घोषणेनंतर चर्चच्या बहुतेक शाळा सरकारच्या ताब्यात घेतल्या, कारण शाळा एखाद्या धर्माच्या मुलांपुरत्या राहू नयेत असं त्यांचं मत होतं. खासगी माध्यमिक शाळांना पुढे पुन्हा वाव मिळाला, आणि आजच्या बऱ्याच मिशन शाळा त्यानंतरच्या आहेत. त्यांची फी गरिबांना जड जाते, तर सरकारी शाळांत २०१६ पासून फॉर्म चारपर्यंत फी नाही, पण एका वर्गात ७० मुलं असू शकतात. मिशन शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकीने हा प्रश्न मनात ठेवून शिकवावं असं मला वाटतं: फी न परवडणाऱ्या मुलीसाठी आपल्या शाळेत किती जागा आहेत?

संस्थेला जाण्याआधी विचारायचे प्रश्न असे. भाषाशाळेत किती महिने देणार? ज्या समूहात ती राहील तिथे टांझानियाच्या सिस्टर्स आहेत का, की सगळ्या भारतीय? आजारपणात कोणत्या इस्पितळात नेतात आणि खर्च कोण करतं? घरी पहिली सुट्टी कधी, आणि आईवडिलांपैकी कुणाचं काही झालं तर तातडीने येता येतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला तुम्हाला आणि तिला दोघांनाही जड जाईल. तरी स्पष्ट विचारा, उत्तर लिहून घ्या.

सामानात जास्तीचा चष्मा, चांगले चालायचे बूट, दाताची तपासणी आधीच करून घेतलेली, आणि आठवी ते बारावीची आपली विज्ञानाच्या प्रयोगांची पुस्तकं. प्रयोगशाळेत साहित्य थोडं असतं, घरगुती वस्तूंतून करायचे प्रयोग तिथे फार उपयोगी पडतात. मसाले नेऊ द्या, पण थोडे.